पावडरचा डबा आणि वरमाई

तिशी जवळ आली की ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात एक दिवस 'ती' दिसते. डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीक रेघ. मग आपण काय करतो? थोडं जास्त कन्सीलर, वर फाउंडेशन, त्यावर कॉम्पॅक्ट. आणि लंचनंतर वॉशरूममध्ये बघावं तर एका रेघेच्या तीन झालेल्या! कारण साधं आहे. जाड थर कातडीबरोबर हलत नाही. हसलं, डोळे बारीक केले की तो सरकून घडीत जाऊन बसतो. कोरडी पावडर तर उरलासुरला ओलावाही शोषून घेते. लपवायला आणलेलीच मंडळी चहाडी करतात म्हणा ना!

मी ब्युटी पानांसाठी बरंच लिहिते, पण याची खरी परीक्षा झाली ती सटाण्यात, भावाच्या लग्नात. क्लायंट एकच : आई. वय चौपन्न. महिना मे. दुपारी बाराचा मुहूर्त, पत्र्याच्या मांडवाखाली.

आईच्या डोळ्यांशेजारच्या रेघांना मासिकांत क्रोज फीट म्हणतात. आमच्या बागलाणात त्यांना 'उन्हाळी कांदा' म्हणायला हरकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये काढणी, भर उन्हात बसून पात कापायची, डोळे सतत मिचकावलेले. डोक्यावर पदर असतो, पण जमिनीवरून उलटून येणारा उजेड पदर कसा अडवणार? आणि 'आम्ही काय शेतात जातो?' म्हणून एसीत बसलेल्यांनी फार खूश होऊ नका. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका अमेरिकन ट्रकड्रायव्हरचा फोटो आला होता. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला एकोणसत्तर वर्षांचा माणूस. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, म्हणून कातडी भाजत नाही. पण यूव्हीए आत येतात आणि खोलवरचं कोलॅजन मोडत राहतात. तेव्हा खिडकीशेजारचं क्युबिकल मिळालेल्यांनी सनस्क्रीन लावा बरं का. मेकअप नंतर.

आईचा मेकअप म्हणजे पावडर. आमच्या घरात एकेकाळी 'स्नो-पावडर' असा जोडशब्दच होता. १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवालांनी आणलेला अफगाण स्नो आजीच्या फडताळात असायचा. आधी स्नो, वर पावडर. क्रम अगदी बरोबर, कारण स्नो म्हणजे शेवटी क्रीमच! पुढे घरातला स्नो गेला आणि पावडर तेवढी राहिली. ओल्या चेहऱ्यावर, टाळ्या वाजवल्यासारखी.

पण अडचण पावडरची नव्हतीच. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. वरमाई असून हळदीला आई मागच्या खुर्चीवर बसली होती, कारण हळद सवाष्णींनी लावायची. मी मेकअपची पेटी उघडली तसं तिनं आधी दार लोटलं. मग म्हणाली, "लोके काय म्हनतीन?"

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी हे आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, परिपत्रक मांडवात येऊन बसणार आहे का?

तिला हवं होतं ते इतकंच : फोटोत थकलेली दिसायला नको आणि काही लावलंय हे कुणाला कळायलाही नको. पहिली अट माझ्या धंद्याची. दुसरी मला टोचली. मला तिच्या ओठांवर झक्क लाल लिपस्टिक बघायची होती. पण चेहरा तिचा, आणि लग्नानंतर त्याच गल्लीत राहणारही तीच.

गंमत म्हणजे दोन्ही अटींचं उत्तर एकच निघालं. कमी लावायचं!

आधी साधं मॉइश्चरायझर, आणि दहा मिनिटं काहीही करायचं नाही. (सगळे हीच पायरी गाळतात.) मग सनस्क्रीन. तेही मुरल्यावर मुगाच्या दाण्याएवढा सिलिकॉनवाला प्रायमर, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यात आणि ओठांच्या कडेला. तो बारीक घडी तात्पुरती भरून काढतो, त्यामुळे रेघेची सावली पडत नाही. रेघ दिसते म्हणजे मुळात तिची सावली दिसते. फाउंडेशन पातळ, ओल्या स्पंजनं दाबून, गालाच्या मध्यापासून बाहेर विरत नेलेलं. डोळ्याच्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीच. कन्सीलर नाकाकडच्या खळग्यात, जिथे काळं आहे तिथेच. अनामिकेनं, कारण तिचा जोर कमी पडतो.

मग तिला म्हटलं, "आई, आता हस." ती कशीबशी हसली. जिथे जिथे घडीत रंग जमला तिथला कोरड्या बोटानं उचलून घेतला. एवढ्या एका युक्तीवर अर्धी बाजी जिंकता येते. पावडर फक्त नाकाला आणि कपाळाला, ब्रश झटकून. चमचम अजिबात नाही, ती प्रत्येक घडीवर टॉर्च मारते. काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी, म्हणजे नजर खालच्या रेघांवरून वर जाते. गालावर क्रीम ब्लश, ओठांवर विटकरीच्या जवळचा क्रीमी रंग. मॅट घेतली असती तर तासाभरात ओठांच्याच रेघा मोजता आल्या असत्या.

आरशात बघून ती म्हणाली, "काहीच नाही केलंस." मग पावडरच्या डब्याकडे तिचा हात गेला. मी तो उचलला. शेवटी मानेला तरी लावू दे, यावर तह झाला.

शूटिंगवाल्यानं एलईडी बाजूनं धरला होता. आडव्या उजेडात रेघा सर्वांत खोल दिसतात, म्हणून मी त्याला दोनदा समोर उभं केलं. तो वैतागला. वैतागू दे!

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. काकूनं आईकडे जरा जास्तच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, काय गं, आज चेहरा एवढा हसरा कसा?

"घरमा सून ई ऱ्हायनी ना!" आई म्हणाली आणि जिलबी वाढायला पुढे सरकली.

परत निघताना पेटीत प्रायमरची ट्यूब नव्हती. मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला नवी घेऊन जाईन. उघडल्यावर वर्षभरात संपवावी लागते ती.