काचणारी शिवण



बंगळुरात पोस्टिंग आली की पलटणीतले जुने लोक म्हणतात, "नशीब काढलंस." हवा बरी, कुटुंब सोबत, पोरांना शाळा. क्वार्टरची यादी लांबलचक, म्हणून आम्ही राजाजीनगरात भाड्याने राहतो. (युनिटचं नाव लिहीत नाही, नियम माहीतच आहे.) घराबाहेर पडलं की डॉ. राजकुमार रोडची रहदारी. सायकल चालवायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. पण पहाटे साडेपाचला निघालं तर यशवंतपूर, जालहळ्ळी मागे टाकून हेसरघट्ट्याच्या बाजूला मातीच्या वाटा लागतात. नाहीतर येलहंक्याच्या पुढे अवलहळ्ळीचं जंगल आहे. तिथे नीलगिरीची झाडं, लाल माती, मधेच उघडा दगड आणि दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं. जाण्याआधी वनखात्याचे सध्याचे नियम विचारून घ्यावेत.

सायकल कोणती घेऊ, असं विचारणारे फोन मला बरेच येतात. कपडे कोणते घालू, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि माझ्या पाहण्यातल्या ज्या लोकांची डोंगरातली सायकल दोन महिन्यांत गॅलरीत धूळ खात पडली, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं सायकलीत नव्हतंच, चड्डीत होतं.

रूट मार्चनंतर पायांची तपासणी व्हायची, ती तुम्हाला आठवत असेल. बूट काढा, जुराब काढा, पाय पुढे. कोणाला फोड आलाय, कुठे कातडी सोलली आहे, ते बघायचे. रायफल नंतर, आधी पाय. सायकलवर हीच तपासणी बुडाची करावी लागते. लिहायला जरा अवघड वाटतं, पण वाचणारे निम्मे फौजी आहेत, लाजायचं कशाला? अंग सायकलला तीनच ठिकाणी टेकतं: सीट, हात आणि पाय. कपड्यांचा विचार तिथून सुरू करायचा. अंगात काय शोभतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

साधी जीन्सच घ्या. तिच्या चार जाड शिवणी दोन मांड्यांच्या मधोमध एकत्र येतात आणि नेमक्या त्याच गाठीवर आपण तीन तास बसतो. काचणारच. कॅलिफोर्नियात टॅमलपायस डोंगराजवळ १९७६ साली 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. आजच्या माउंटन बाइकिंगची मुळं तिथली. ती पोरं जीन्स आणि जाड बूट घालूनच जुन्या जड सायकली खाली सोडायची. एका उतारात मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते परत भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. त्यांची जीन्स मला समजते. ते मुख्यतः उतरत होते आणि पडल्यावर कातडी वाचावी एवढीच अपेक्षा होती. आपल्याला राजाजीनगरातून जंगलापर्यंत जायचं, तिथे चढायचं, उतरायचं आणि परत घरी यायचं. बहुतेक वेळ सीटवरच.

म्हणून पहिला खर्च गादीवाल्या चड्डीचा. आत पॅड शिवलेला असतो आणि त्याची जागा आपल्या बसायच्या दोन हाडांखाली आली पाहिजे. दुकानात उभं राहून आरशात बघण्यात अर्थ नाही, सायकलवर वाकतो तसं वाकून बघायचं. जाड पॅड म्हणजे चांगला पॅड, हाही गैरसमज. फार जाड पॅड घामाने भिजतो आणि डायपरसारखा सरकतो. आणि महत्त्वाचं म्हणजे हिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण पॅड कातडीला चिकटून बसावा म्हणूनच तो तसा शिवलेला असतो. मधे सुती अंतर्वस्त्र आलं की पुन्हा शिवणी आल्या, घाम साठला, काचणं सुरू.

माझ्या घरात गाडी अडली ती इथेच. लेक नववीत आहे. दोनदा माझ्यासोबत आली, उतारावर माझ्यापेक्षा बेधडक. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "बाबा, मी नाही येत." पाय दुखतात का, झोप झाली नाही का, सगळं विचारून झालं. शेवटी तिच्या आईकडून कळलं. ती अंगाला चिकटलेली काळी चड्डी घालून गल्लीतून, दूधवाल्यासमोरून, कोपऱ्यावर फिल्टर कॉफी पिणाऱ्या काकांसमोरून जायला तिला नको वाटत होतं. मी लगेच "लोकांकडे लक्ष देऊ नकोस" म्हणणारा बाप नाही. गल्लीतून तिला जायचं आहे, मला नाही. पोशाख सोयीचा आहे की नाही हे ठरवताना नजरांचा काचही धरावा लागतो.

बायकांची सायकल कपड्यांपाशी अडते, ही गोष्ट काही राजाजीनगरातली नवी नाही. अ‍ॅनी लंडनडेरी नावाची बाई १८९४ मध्ये अमेरिकेतून सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाली ती लांब झग्यात. वाटेत झगा गेला, सैल विजार आली आणि पुढे तर तिने पुरुषी पोशाखच चढवला. साताऱ्याहून सध्या आमच्याकडे आलेल्या माझ्या आईला हे सांगितलं, तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "आम्ही काष्टा घालूनच भात लावला, झाडावर चढलो. कोण नावं ठेवतंय? पाय मोकळे नकोत का?" तेवढं बोलून ती शेंगा सोलायला बसली.

तोडगा सोपा निघाला, कारण मातीतल्या सायकलीला तोच पोशाख बरा. आत गादीवाली चड्डी, वर गुडघ्यापर्यंत येणारी सैल हाफ पँट. लेकीची अब्रूही राहते आणि घाणेरीचे काटेही मांडीला लागत नाहीत. फक्त सैल म्हणजे किती सैल, हे बघावं लागतं. उतारावर आपण बूड सीटच्या मागे नेतो. पँट मधे लोंबत असेल तर पुढे येताना ती सीटच्या टोकात अडकते आणि माणूस नको त्या क्षणी लटकतो. जवळच्या शिंप्याकडून आम्ही दोन मांड्यांमधल्या शिवणीत हिऱ्याच्या आकाराचा तुकडा बसवून घेतला. कापड ताणत नाही, लोंबतही नाही, आणि चार शिवणी एका जागी भेटायच्या थांबल्या. वरच्या कपड्यांची खरेदी मायलेकींनी मिळून केली. घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा त्यात पहिली होती, एवढंच मला माहीत.

बाकीचं थोडक्यात. सुती बनियन चढावर भिजतं आणि उतारावर वारा लागला की पोट गार करतं. जे लोक बर्फात राहून आलेत त्यांना ओल्या सुती कपड्याबद्दल मी काय सांगावं! पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट वास मारतो पण लवकर सुकतो. डिसेंबरच्या पहाटे वर पातळ विंडचीटर, घडी करून खिशात मावेल असा. हातमोजे पूर्ण बोटांचे, कारण पडताना माणूस हातच पुढे करतो. बुटाचा तळ सपाट आणि कडक. धावायचे मऊ बूट पायडलवर वाकतात आणि तळव्याला कळ येते. नाडीचं टोक आत खोचा. फुल पँट असेल तर उजव्या पायाला, चेनच्या बाजूला, पट्टी बांधा. इंग्रज फौजेचा 'पटी' हा शब्द आपल्या पट्टीवरूनच गेला.

एक विनंती. कॉम्बॅट छापाच्या पँटी घालून जंगलात येऊ नका. आमचा नवा गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी पहिल्यांदा परेडवर दिसला, त्याचं कापड सत्तर टक्के सुती आणि तीस टक्के पॉलिस्टर. तो आमच्या कामासाठी, आम्ही दिसू नये म्हणून केलेला आहे. तुम्हाला तर टेम्पोवाल्याला दिसायचं आहे. केशरी घाला, पोपटी घाला.

गेल्या रविवारी लेक हेसरघट्ट्याला आली. गल्लीतल्या काकांनी वर बघितलं की नाही, मला ठाऊक नाही, ती पुढे निघून गेली होती. दुपारी आईने दोरीवरची गादीवाली चड्डी उलटी करून बघितली, पॅड बोटाने दाबला आणि विचारलं, "ही मशीनला लावायची का हाताने धुवायची?"

"हाताने, आजी. साध्या साबणाने. आणि उलटीच वाळत घालायची."