सदुसष्ट धावा

पायाला प्लास्टर. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून त्याने जुनी धावपत्रकं काढली. बोट थांबलं ते १३ जुलै १९७४वर. लीड्स, भारताचा पहिला एकदिवसीय सामना. ५५ षटकं, पांढरे कपडे, लाल चेंडू.

आधी कसोटी मालिका ३-० अशी गेलेली, लॉर्ड्सवर तर ४२ धावांत खुर्दा. तरी इथे ब्रिजेश पटेल ८२, कर्णधार अजित वाडेकर ६७, एकूण २६५. इंग्लंड चार गडी राखून जिंकलं, पुढे ओव्हलवरही तेच जिंकले.

वाडेकर भारताकडून पुन्हा खेळले नाहीत. तीनच वर्षांपूर्वी याच इंग्लंडला हरवून आलेला माणूस!

धावपत्रक वाचता वाचता त्याला चुटपुट लागली ती त्या ६७ची. लाल चेंडू गवतावरून सीमेकडे जाताना दिसत राहिला. प्लास्टरच्या आत कुठेतरी खाज सुटली होती. तिथे हात पोचत नव्हता.