दादांची जावा

बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या घरी थोरल्या दादांची १९६८ची जावा आहे, म्हैसूरच्या कारखान्यातली. दादा गेल्यापासून तीन वर्षं पडून होती. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. बॅटरी नवी घातली तरी दिवा मिणमिणताच. पुतण्या म्हणाला, "काका, भंगारात देऊया." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. मग मीच बसलो.

गाडी ६ व्होल्टची. ३५ वॉटच्या दिव्याला जवळजवळ ६ अँपियर करंट लागतो; १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. म्हणून एखादा जोड गंजला तरी इथे दिवा लगेच मंदावतो. बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी एकेक व्हाउचर टिक करायचो, तसा मल्टिमीटर लावून एकेक जोड तपासला. बॅटरी सोडवून, हिरवट पडलेल्या वायरी चकचकीत तांबं लागेपर्यंत कापल्या, नवे कनेक्टर दाबून बसवले, वर स्लीव्ह चढवली. चेसीवरचा रंग खरवडून अर्थ घट्ट आवळला.

एका वायरीवर दादांच्या अक्षरात 'हॉर्न' लिहिलेली पट्टी निघाली. जोड पक्का होता. ती तशीच ठेवली.

संध्याकाळी दिवा लख्ख लागला. वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "भावजी, हॉर्न वाजवून बघा की."