घरातला शरद



इंग्रजी 'ऑटम'ला मराठीत काय म्हणावे? कोश 'शरद' हा शब्द पुढे करतो, आणि उत्तरपत्रिकांत 'शरद ऋतूत पाने गळतात' हे वाक्य मला दरवर्षी भेटते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फक्त ते या भूमीवरचे नाही. आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. त्या दिवसांत कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलात साग हिरवा असतो. त्याची पाने गळतात ती जमिनीतले पाणी आटू लागल्यावर, माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात. लंडनला वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम ८ तासांचा. सुमारे २० अक्षांशावरच्या छत्रपती संभाजीनगरात तो ११ तासांच्या आसपास. तिकडचे झाड घटता प्रकाश आणि वाढती थंडी ओळखून पाने उतरवते, आपले झाड पाण्याचा हिशेब ठेवते.

अलीकडे आपल्याही बाजारात तांबड्या मेपलच्या पानांच्या प्लॅस्टिकच्या माळा आणि दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या मिळतात. त्या घेणाऱ्यांची थट्टा करण्याचे मला कारण दिसत नाही. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा असताना ऋतू बदलल्याची खूण घरात असावी, ही इच्छा जुनी आणि खरी आहे. प्रश्न एवढाच, की घरात आणायचा तो ऋतू कोणता?

याचे उत्तर शोधताना भाषा मदतीला येते. वैदिक आशीर्वादात शंभर वर्षे जगण्याची कामना 'शंभर शरद' अशी केलेली असते. तेथे शरद म्हणजे पूर्ण वर्ष. आपण रोज वापरतो तो फारसी 'साल' हा याच 'शरद्'चा इराणी भाऊ. त्यामुळे 'सालगडी' या शब्दातही एक शरद दडलेला आहे. याहून गमतीचा शब्द 'खरीप'. अरबीत 'खरीफ' म्हणजेच शरद, आणि त्यामागचा धातू फळे तोडण्याचा अर्थ सांगतो. पीक पेरणीच्या नव्हे, काढणीच्या ऋतूवरून ओळखले गेले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचेच पुढे आपले शहर झाले. त्याच्याही आधीपासून दख्खनच्या महसुली व्यवहारात मुरलेली फारसी खेड्यापाड्यांत पोहोचली. म्हणजे 'ऑटम'साठी शब्द शोधत आपण कोश चाळतो, तेव्हा तो शेतकऱ्याच्या तोंडी कित्येक पिढ्यांपासून आहे. इंग्रजीतही 'फॉल' रूढ होण्यापूर्वी या ऋतूला 'हार्वेस्ट', म्हणजे सुगी, म्हणत असत.

हे सारे मला पुस्तकांतून कळले. शरद घरात आणणे म्हणजे काय, हे मात्र आईमुळे कळले. वैजापूर तालुक्यातले शेत सोडून ती शहरात आमच्याकडे आली, तेव्हा काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात तिला बारा महिने सारखेच. रंगीत सजावट तिच्या काय उपयोगाची? म्हणून गावाहून येणाऱ्याबरोबर आम्ही आश्विनात बाजरीची चार कणसे आणि पिशवीभर माती मागवू लागलो. कणीस अंगठ्याने चोळून ती दाणा दाताखाली धरी आणि निकाल देई, "औंदा बाजरी हलकी हाय." मग तासभर पावसावर बोले. तेवढा वेळ ती शेतात असे.

ती माती घटाची. परडीत माती, तिच्यावर धान्य, मधे पाण्याचा घट. रब्बीचे बियाणे कसे उगवेल हे जुने शेतकरी यातच पाहत, असे आई सांगे. देव्हाऱ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नऊ दिवसांत अंकुर वीतभर वाढतात, आणि ते पिवळे असतात. या पिवळेपणाकडे जरा थांबून पाहा. थंड देशांत पानातले हरितद्रव्य मोडते, आणि मुळातच पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. घटात प्रकाश न मिळाल्याने हरितद्रव्य अजून तयार झालेले नसते, म्हणून तोच पिवळा रंग दिसतो. रंगद्रव्ये त्याच कुळातली. तिकडे पान संपत असते, इकडे सुरू होत असते. दसऱ्याला हे अंकुर पुरुष टोपीत खोवतात आणि स्त्रिया केसांत. आई ते आधी नाकाशी नेई.

तेव्हा सजावटीला माझा विरोध नाही, आणि शुद्धतेचा आग्रह तर मुळीच नाही. दसऱ्याला गुलमंडीच्या रस्त्यावर ज्याचे ढीग लागतात तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. आज त्याच्यावाचून आपले तोरण होत नाही. ऑक्टोबरचा उकाडाही ऋतूतलाच आहे. मॉन्सून परततो, आभाळ निवळते, ओल्या जमिनीवर ऊन पडते. आयुर्वेदाची ऋतुचर्या शरदाला पित्तप्रकोपाचा काळ मानते आणि रात्रीचे चांदणे अंगावर घ्यायला सांगते. कोजागरीला गच्चीवर आटवलेले दूध घेऊन बसणारी माणसे हेच करत असतात.

मात्र घरातला शरद आणि शेतातला शरद नेहमी जुळत नाहीत. ऐन आश्विनात पाऊस कोसळतो त्या वर्षी काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगेतच मोड फुटतात. घटातला अंकुर आणि शेंगेतला मोड यांची क्रिया एकच; एकाला आपण नमस्कार करतो, दुसऱ्याने वर्षाची कमाई जाते. अशा वर्षी गावाहून आलेल्या मातीच्या पिशवीबरोबर कणसे नसत. आई काही विचारत नसे. माती हातात दाबून ती किती ओली आहे तेवढे पाही आणि घट मात्र बसवायला लावी.

तुमच्यापैकी अनेक जण शेत सांभाळून किंवा नोकरी करून हा अभ्यास करता. येत्या आश्विनात तुमच्या घरात बाहेरून जे काही येईल, धान्य, पान, फूल, माती, त्याची यादी तुमच्या भागात चालणाऱ्या नावांनी करा. आपट्याचे पान असेल तर एकच पुरे, फांदी तोडू नका. मग त्या यादीतला कोणता शब्द 'ऑटम'च्या भाषांतरात बसत नाही, ते पाहा. निबंधाचा विषय तेथेच सापडेल.