जम्बो : एका नावाचे विशेषण झाले, त्याची कथा

रविवारी मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर ‘जम्बो ब्लॉक’ असतो. व्याजदर एकदम अर्ध्या टक्क्याने उतरला की वृत्तपत्रांत ‘जम्बो कपात’ असा मथळा झळकतो. मंत्र्यांची संख्या वाढली की मंत्रिमंडळ ‘जम्बो’ ठरते. २०२० साली महामारीच्या काळात पुण्यात आणि मुंबईत उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयांनाही ‘जम्बो कोविड सेंटर’ असेच म्हटले गेले. आकाराने मोठे ते जम्बो, एवढा अर्थ आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र या विशेषणामागे एका मुक्या जीवाचे संपूर्ण आयुष्य उभे आहे, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

इंग्रजीत हा शब्द १८२३ च्या सुमारास बोलीभाषेत आढळतो. तेव्हा त्याचा अर्थ होता बेढब, अवजड माणूस. त्याच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी स्वाहिली भाषेतील ‘जुंबे’ म्हणजे प्रमुख या शब्दाकडे बोट दाखवतात, तर कोणी आफ्रिकेतील अन्य भाषांतील हत्तीवाचक शब्दाकडे. परंतु या शब्दाला ‘अतिविशाल’ हा आजचा अर्थ कोठून लाभला, याविषयी संदेह नाही. तो लाभला लंडनच्या एका हत्तीपासून.

आफ्रिकेत अगदी लहानपणी पकडलेले हे पिल्लू प्रथम पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात आले. १८६५ साली एक गेंडा व काही अन्य प्राणी यांच्या बदल्यात ते लंडनला देण्यात आले. त्या वेळी ते कृश व आजारी होते. मॅथ्यू स्कॉट नावाच्या रक्षकाने त्याची शुश्रूषा केली आणि उभयतांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. पुढे सोळा-सतरा वर्षे जम्बोने आपल्या पाठीवर लंडनच्या असंख्य बालकांना फिरवून आणले. दिवसा शांत असणारा हा गजराज रात्री मात्र पिंजऱ्याच्या भिंतींवर धडका देई. त्याच्या सांगाड्याची अलीकडे तपासणी झाली, तेव्हा दाढा वेड्यावाकड्या वाढलेल्या आढळल्या. रानातील झाडांच्या फांद्या व साली चावून हत्तीच्या दाढांची झीज होते आणि नव्या दाढांना वाट मिळते. मऊ गवतावर पोसलेल्या जम्बोच्या बाबतीत तसे घडले नाही. त्याच्या रात्रीच्या संतापामागे दाढांची वेदना असावी, असे तज्ज्ञांना वाटते.

१८८२ साली अमेरिकन सर्कसमालक पी. टी. बार्नम याने त्याला दोन हजार पौंडांना विकत घेतले. लंडनमध्ये हलकल्लोळ माजला. मुलांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रे लिहिली, प्रकरण न्यायालयातही गेले, तरी व्यवहार फिरला नाही. नेण्याच्या दिवशी जम्बो रस्त्यातच बसून राहिला. या गदारोळातच त्याच्या नावाचा बाजार तेजीत आला. नाना वस्तू ‘जम्बो’ म्हणून खपू लागल्या. अमेरिकेत बार्नमने खर्च केलेली रक्कम थोड्याच आठवड्यांत वसूल झाली. १८८४ साली ब्रुकलिनचा नवा पूल भक्कम आहे हे लोकांना पटवण्यासाठी एकवीस हत्ती त्यावरून चालवण्यात आले, त्यांतही जम्बो होता.

१५ सप्टेंबर १८८५ रोजी कॅनडातील सेंट थॉमस येथे खेळ आटोपून आगगाडीच्या डब्याकडे नेत असताना मालगाडीची धडक बसून त्याचा अंत झाला. स्कॉट त्याच्याजवळच होता. मृत्यूनंतरही त्याची सुटका झाली नाही. कातडे भरून पुतळा केला, हाडे जुळवून सांगाडा उभारला, आणि दोन्ही प्रदर्शनात फिरले. जिवंतपणी एक असलेला जम्बो मृत्यूनंतर दोन झाला! त्याची खरी उंची सुमारे साडेदहा फूट होती. जाहिरातींत मात्र ती वाढवून सांगितली जाई. मोठ्यालाही आणखी मोठे केल्यावाचून बाजाराचे समाधान होत नाही.

पुढे बोईंग ७४७ हे अवाढव्य विमान आले आणि लोकांनी त्याला ‘जम्बो जेट’ म्हटले. १९७१ साली एअर इंडियाच्या ताफ्यात दाखल झालेल्या पहिल्या जम्बोचे नाव ‘एम्परर अशोक’ होते. ज्या सम्राटाने गिरनारच्या शिलालेखात मनुष्य आणि पशू या दोघांच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले, त्याचे नाव एका पीडित हत्तीच्या नावाशेजारी यावे, हा केवळ योगायोग खरा. पण तो मनाला स्पर्श करून जातो.

थोरपणाच्या वाट्याला अंकुश येतो, ही जाण मराठी मनाला तुकोबांनी केव्हाच दिली आहे. जम्बोच्या वाट्याला अंकुश आला, साखळदंड आला, तिकीटबारीही आली. त्याच्या हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला सगळ्यांची नावे आहेत. मुलांचा आनंद, संग्रहालयाचे पौंड, सर्कशीचे डॉलर. नावे बाजूला मात्र तो एकटाच आहे. शब्दाचा उपयोग थांबवण्याचे कारण नाही. परंतु घरातील नातवाने ‘जम्बो म्हणजे काय?’ असे विचारले, तर ‘खूप मोठे’ एवढ्यावर न थांबता ‘तो एक हत्ती होता, आणि त्याची दाढ दुखत होती’ एवढे सांगावे. मोठेपणाचा अर्थ त्या मुलाला त्यातून अधिक नीट कळेल.