नाव मटणाचं, बटाटा बेनामी

भिवंडीहून कामवारी नदीचा पूल ओलांडून वाड्याच्या रस्त्याने शेलारला यावं. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे आगरी बाई ‘मटण’ मागते, यंत्रमागावरचा कामगार ‘गोश्त’. बकरा एकच. पिशव्या वेगवेगळ्या गल्ल्यांत शिरतात आणि बहुतेक घरांत बटाटे सोलायला बसतात.

उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांच्या घरात त्याचं आलू गोश्त होतं. तिथे भाजीला पुढचा पाट: पालक गोश्त, भिंडी गोश्त. पारशीही ‘पपेटामां गोश’ म्हणताना बटाट्यालाच आधी हाक मारतात. आगरी घरात मात्र पातेल्यात निम्मे बटाटे असले तरी ते मटणाचं कालवणच. ऐन वेळी पाहुणे वाढले की रस्सा पुरवायचा बटाट्याने. पण कसणारा कुणीही असो, सातबारा मटणाच्या नावावर. सुक्या मासळीशेजारी बटाट्याला थोडा मान मिळतो. बोंबील-बटाटा, सुकट-बटाटा. खिमा-बटाट्यातही. मटणवाले जरा जास्तच ताठ, एवढंच.

विंदालूची गंमत याच्या उलट. पोर्तुगीजांचं ते व्हिनेगर-लसणात मुरवलेलं मांस. गोव्यात त्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर आणि लाल मिरची आली, बटाटा आला नाही. पुढे दूरदूरच्या हॉटेलांतल्या आचाऱ्यांना नावाच्या शेपटीत ‘आलू’ ऐकू आला आणि त्यांनी इमानदारीत बटाटे टाकले. विलायतेतल्या कित्येक देशी हॉटेलांत तो अजून तरंगतो. गोवेकराला ते पाहवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याला ज्यांनी दिला त्या पोर्तुगीजांनीच हा पदार्थ बिनबटाट्याचा आणावा, हेही खासच.

भिवंडीच्या पश्चिमेला, वसई-साष्टीतल्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत विंदालूच्याच नात्यातलं ‘इंद्याल’ शिजतं. या समाजाने तर स्वतःचंच नाव बदलून घेतलेलं. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचा मुहूर्त साधून, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपलं वेगळेपण कळावं म्हणून. त्यांच्या मसाल्याचं नाव मात्र साधंसरळ: बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरच्या, धणे वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बिअरच्या गडद बाटल्यांत काठीने ठासून भरायचे, म्हणजे रंग-वास वर्षभर टिकतो. आत काय काय आहे याची यादी घराघरागणिक वेगळी, आणि सख्ख्या शेजारणीने विचारली तरी एखादा जिन्नस हमखास गाळून सांगतात.