मुळांची सोबत

पाणीगेटजवळच्या आमच्या अंगणात वांगी, टोमॅटो, मुळा नि कोबी लावण्याची मला हौस आहे. गतवर्षी मी ‘मायकोरायझा’ नावाच्या उपकारक बुरशीची भुकटी आणली आणि उत्साहाच्या भरात शेजारच्या एका आजींनाही ती घ्यावयास लावली. त्यांनी घरखर्चातून पैसे काढले व सारी भुकटी मुळा-कोबीच्या वाफ्यांवर पसरली. फायदा काहीच झाला नाही. “फादर, माझ्याच हाताला यश नाही,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला चैन पडेना.

मी पुन्हा पुस्तके उघडली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली मुळे व बुरशी यांच्या या सोबतीला हे नाव दिले. बुरशीचे तंतू मुळांपलीकडे पसरून स्फुरद व पाणी आणतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर देते. परंतु मुळा, कोबी, मोहरी यांच्या कुळाशी तिचे जमत नाही, पालकाशीही नाही. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी यांना ती मानवते. भुकटी वरवर पसरून भागत नाही; लावणीच्या वेळी ती मुळांना लागली पाहिजे. सुपर फॉस्फेट भरपूर घातल्यास झाड ही सोबत आवरते घेते. वाल-चवळीच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणू निराळे.

चूक हातांची नव्हती, सल्ल्याची होती. मी आजींची क्षमा मागितली आणि वांग्याच्या रोपांच्या मुळांना भुकटी लावून ती त्यांच्या वाफ्यात स्वतः लावली. वाचकहो, अर्धवट ज्ञान दुसऱ्याच्या पैशावर पाजळू नये, एवढे मी त्या मातीत शिकलो.